बहिरूच्या नावाचा दाखला

विमलाबाईला मुळातच एका जागी बसवत नसे. नाशकातल्या एका हॉस्पिटलात ती आया होती, बाया तिला मावशी म्हणत. पण पंचाहत्तरच्या उन्हाळ्यापासून तिच्या जिवाला वेगळीच टोचणी लागली. डॉक्टरांनी गर्भ काढायला आलेल्या धोंडाबाई नावाच्या बाईला ‘नवऱ्याची सही आण’ म्हणून परत धाडलं. तिने गावात सुईणीकडून काडी घालून घेतली आणि आठ दिवसांनी तापाने फणफणत परत आली. वाचली नाही. तिची चादर विमलाबाईनेच धुतली.

नको असलेला गर्भ दवाखान्यात काढून घ्यायचा कायदा येऊन चार वर्षं होत आली होती. नर्सबाईंच्या वर्गात फरशी पुसता पुसता विमलाबाईने तो ऐकला होता. सज्ञान बाईची स्वतःची सही पुरे. कायदा दिल्लीहून निघाला खरा, पण डॉक्टरांच्या टेबलापर्यंत पोचलाच नव्हता. आणि फरशी पुसणारीला विचारतो कोण?

शहात्तरच्या सप्टेंबरात, ऐन आणीबाणीत, कळवणकडची बयाबाई आली. चार लेकरं, अकरावा आठवडा, नवरा बहिरू कामासाठी परमुलखात, पत्ता नाही. आल्या आल्या तिने कागदावर अंगठा उठवला. डॉक्टरांचं तेच, “नवऱ्याला आण.”

“मावशी, गावात सुईण हाय,” ती हळूच म्हणाली. “काडी घालती.”

विमलाबाईला धोंडाबाईची चादर आठवली.

तेवढ्यात विमलाबाईचा नवरा सहादू डबा घेऊन आला. तो नाशिक रोडच्या मालधक्क्यावर हमाल होता, त्या दिवशी सुट्टी होती. तिने त्याला कोपऱ्यात ओढलं. “ओ, घडीभर बहिरू व्हा. नुसता अंगठा लावायचाय.”

सहादूने अंगठा लावला. डॉक्टरांनी मान वर केली. “चार मुलं ना? मग आधी तुझी नसबंदी. वरून आकडा ठरलाय. त्याशिवाय बाईला हात लावणार नाही.”

विमलाबाई पुढे सरली. घरी दोन पोरी, आणि एक पोरगा व्हावा म्हणून सहादूने किती आस धरलेली!

“साहेब, नियमात बाईचाच अंगठा...”

“तू फरशी बघ.”

सहादूने बयाबाईकडे पाहिलं, मग बायकोकडे. “त्या चादरवाल्या बाईसारखंच व्हईल का हिचं?”

विमलाबाईने होकारार्थी मान हलवली. तिला फार भीती वाटत होती, आणि स्वतःचा रागही येत होता.

“दोन पोरी हायेत की आपल्याला,” तो म्हणाला आणि आत गेला.

दोन दिवसांनी बयाबाई आपल्या पायांनी एस्टीत बसली. पुढच्याच महिन्यात मालधक्क्यावर फर्मान निघालं, नसबंदीचा दाखला नाही तर काम नाही. सहादूने हॉस्पिटलातून मिळालेला कागद पुढे केला. मुकादमाने वाचला. “हा तर कुणी बहिरू. तुझा कुठंय?”

सहादू घरी आला. “आता काय, दुसऱ्यांदा कापून घेऊ?” तो हसत म्हणाला.

विमलाबाईला हसू आलं नाही. ती उठली, बसली, पुन्हा उठली. कायद्याला एकच अंगठा हवा होता, आणि तो बयाबाईने आल्या आल्याच लावला होता.