आमच्या गावचा फीडर

भर दुपारी, माझ्याच ड्युटीत, सबस्टेशनचा ट्रान्सफॉर्मर जळाला. खडीवर सांडलेल्या गरम तेलाकडे मी नुसता बघत राहिलो. इथला भार आता शेजारच्या सबस्टेशनवर. तेही दमलं, की त्याच्या पुढच्यावर. माणसांसारखंच आहे हे. एक खाली बसला, की त्याचं ओझं बाकीच्यांच्या खांद्यावर. सगळा जिल्हा बंद पडू नये म्हणून मग काही गावांची वीज आपल्याच हातानं तोडायची.

आमच्याकडे रिवाज आहे, ड्युटीवरच्या माणसानं आधी स्वतःचं गाव बंद करायचं. कुणाला बोट दाखवायला जागा नको. घरातला पहिला पदवीधर मी. हा रिवाज कधी मोडला नाही. पण यंदा वडील अर्धांगानं अंथरुणावर आहेत, आणि पत्र्याखाली पंख्याशिवाय त्यांचा जीव घाबरा होतो. तरी आमच्या गावचा फीडर, म्हणजे गावाला वीज नेणारी लाइन, मी आधी बंद केला.

आईचा फोन आलाच. "साहेब झालास, आणि घरात पंखा नाही! पदरानं किती वारा घालू रे?"

"आई, तासभर तरी लागेल."

मागून वडिलांचा जड आवाज आला, "शेजारच्या गावात लाइट आहे का, विचार."

"आहे," मी म्हणालो.

आईनं सांगितलं, तसे ते म्हणाले, "मग असू दे. पोरगं ड्युटीवर आहे."

ते रागावले असते, तर जरा हलकं वाटलं असतं.