इमाम-जामीनचा रुपया

उकडलेल्या अंड्याच्या बलकाशेजारी चांदीचा रुपया डब्यात बंद ठेवला, की दोन दिवसांत तो निळा-जांभळा होतो. चांदीवर वर्षानुवर्षांत आपसूक चढलेल्या रंगाला आम्ही नाणीवेडे जास्त दाम मोजतो; असा अंड्यानं रंगवलेला एक रुपया मी शहागंजच्या बाजारात जुना म्हणून हौसेनं घेतला आणि फसलो. आयुष्यभर शाळेत गंधकाचा धडा शिकवून निवृत्त झालेला माणूस मी, त्यामुळे फार झोंबलं. तेव्हापासून रंगीत नाणं दिसलं की मी आधी संशयच घ्यायचो.

रविवारी पुंडलिकनगरात माझ्या घरी आम्ही चार-पाच नाणीवेडे जमायचो. एकदा आमच्याच शाळेतले उर्दूचे सर, माझे तीस वर्षांचे दोस्त, निजामाच्या वेळचा हाली रुपया घेऊन आले. चारमिनारच्या कडेकडेनं पिवळा, मग तांबूस, मध्ये निळा. "अम्मीनं दिलेला आहे," म्हणाले. मी भिंग लावलं, तर रंगात बारीक चौकोनांची जाळी. आपसूक आलेल्या रंगात असली नक्षी कुठून येणार?

"सर, हा रंग चढलेला नाही, चढवलेला आहे," मी सगळ्यांसमोर ठणकावलं.

त्यांनी रुपया खिशात टाकला, चहा अर्धा ठेवला आणि निघून गेले. पुढचे तीन रविवार आलेच नाहीत. माझीही मिजास अशी, की मी साधी चौकशी केली नाही.

मग एके दिवशी बायकोनं कपाटातून चांदीचं ताट काढलं. त्याच्या पाठीवर हुबेहूब तीच जाळी!

"हे काय?"

"मांजरपाटात गुंडाळून ठिवलं व्हतं की. कापडाचे दोरे उमटलेत. एवढं बी कळंना व्हय तुम्हाला?"

मी तसाच चपला घालून सरांचं घर गाठलं. "तो रुपया कापडात होता का?" दारातूनच विचारलं.

ते आत जाऊन हिरव्या कापडाची उसवलेली पट्टी घेऊन आले. इमाम-जामीन. मुलगा परगावी निघाला की आई नाणं कापडात शिवून त्याच्या दंडाला बांधते. सुखरूप पोचला की त्यानं ते गरिबाला खैरात करायचं. सर तरुणपणी नोकरीसाठी हैदराबादला निघाले होते, पण त्यांना आईला सोडून जाववेना म्हणून स्टेशनातूनच परत फिरले. पोचलेच नाहीत, तर खैरात कशी करणार? चाळीस वर्षं ती पट्टी पेटीत पडून होती. गेल्या साली त्यांनी ती उसवली आणि रुपया पुन्हा पेटीत ठेवला.

मी कापड आणि रुपया भिंगाखाली शेजारी धरले. दोऱ्याला दोरा जुळत होता. माझा जीव भांड्यात पडला.

"चुकलो मी, सर. रंग अस्सल आहे. माफ करा."

"तुमच्यावर नाराज नव्हतो मी," ते म्हणाले. "तुम्ही एवढे जाणकार. मला वाटलं, रंग चढवलेला म्हणजे पेटीतला रुपया घरातल्याच कुणी बदलला. तीन हफ्ते एकेकाच्या तोंडाकडं बघत होतो. बायकोला विचारलं बी. लई रडली ती."

मी रुपया त्यांच्या हातात ठेवला.

"मग हा अम्मीचाच?" त्यांनी विचारलं.

"अम्मीचाच."

"जरा मोठ्यानं बोला," ते म्हणाले. "आत ऐकू जाऊ द्या."

मी तेच गल्ली ऐकेल इतक्या मोठ्यानं पुन्हा बोललो. पडद्याआडून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "दोनों कू बी आज चाय नै!"

सर हसले, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले.