दुधीच्या वेलाला लाल दोरा

आधी हातातला कप खाली ठेवा, नाहीतर चहा नाकातून येईल. फजिती माझीच आहे आणि सांगतोयही मीच, म्हणजे निदान तिखटमीठ तरी माझ्या हातचं राहील!

मी मूळचा अकोल्याचा. गेली अठरा वर्षं लखनौला एका शेती संशोधन संस्थेत झाडांचे रोग बघतो. दिवसभर शेतकऱ्यांचे फोन. गच्चीवर भाजी पिकवणाऱ्यांसाठी सोप्या हिंदीत एक पुस्तिकाही लिहिलीय. आणि स्वभाव म्हणाल तर एक नंबरचा संशयी! पानावर ठिपका दिसला की हे कुणाचं काम, हा माझा पहिला प्रश्न. आता धंदाच तसा, त्याला मी काय करू? पण तोच नियम मी माणसांना लावला, तिथं घोळ झाला.

यंदा इंदिरा नगरच्या आमच्या कॉलनीच्या सभेत मी छाती ठोकून सांगितलं, "मेरी छत पर आइए, लौकी दिखाता हूँ!" सावनातल्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी तीस-चाळीस हौशी मंडळी येणार ठरली. म्हणजे त्या दिवशी वेलाला दुधी लटकलेले हवेतच. नाहीतर अठरा वर्षांची अब्रू भर कॉलनीत जाणार!

वेल मांडवभर पसरला होता. पांढरीशुभ्र फुलं. पण दुधी बोटाएवढा झाला की पिवळा पडायचा आणि गळायचा. रोग शोधला, सापडला नाही. मग एका सकाळी बघतो तर फुलं गायब! गळलेली नव्हती हो, देठापासून नीट खुडलेली. मी वहीच घातली. सोमवारी सहा गेली, मंगळवारी पाच. फुलांना काय पाय फुटतात?

शेजारी मिश्राइन भाभी. आमच्या दोन गच्च्यांमध्ये गुडघ्याएवढी भिंत. भाभी सावनात रोज महादेवाला जातात, हातात फुलांनी भरलेली टोपली. देवासाठी दुसऱ्याच्या कुंपणातली फुलं तोडण्यात कुणालाच पाप वाटत नाही, आपल्याकडेही आणि इथंही. त्यात त्यांच्या वेलाला नऊ दुधी, आणि माझ्या वेलाला शून्य!

"मंगल, चोर सापडला," मी बायकोला म्हणालो.

"अहो, त्या बाईंनी परवाच आपल्याला दुधी दिला. चोर कधी घरी माल आणून देतो का?"

"तेच तर! तोंड बंद करायला दिला."

"मग तुम्ही दोनदा भाजी घेतलीत कशाला?"

पुरावा पोटात गेला होता!

बुधवारी मात्र कहर झाला. पानं बाजूला सारून बघतो तर दोन कोवळ्या दुधींना लाल दोरा बांधलेला! देवळात मनगटाला बांधतात ना, तो कलावा. मी गावोगाव सांगत फिरणारा माणूस, की भैया, फसल को नज़र नहीं लगती, कीड़ा लगता है. आणि त्या क्षणी डोक्यात एकच शब्द आला, टोटका! हिनं माझ्या वेलावर करणी केली!

घाबरलो नव्हतो हं! शास्त्रज्ञ आहे मी. फक्त ते दोन्ही दुधी कात्रीनं कापले, पिशवीत बंद केले आणि लॅबमध्ये तपासायला नेले. हातमोजे दोन-दोन चढवले होते, ते आपले उगाच.

निकाल आला. दुधी निरोगी. झालं! रोग नाही, कीड नाही, म्हणजे करणीच! मग काय, रोज सकाळी दोरा दिसला की काप, दोरा दिसला की काप. दीड आठवड्यात चौदा दुधी कापले. चौदा!

रविवार दोन दिवसांवर आला तेव्हा मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दिवेलागणीच्या आधी पाण्याच्या टाकीमागे दबा धरून बसलो. मिश्राइन भाभी भिंत ओलांडून आल्या. एक फूल खुडलं. दुसरं खुडलं. मी उडीच मारली!

"पकड़ लिया! चोरी भी और टोटका भी?"

मंगल धावत वर आली. समोरच्या गच्च्यांवर माणसं उभी राहिली.

"हाय राम, डरा दिया भाईसाहब!" भाभींनी छातीवर हात ठेवला. "कैसी चोरी? ये तो नर फूल हैं, इनमें फल थोड़े ही लगता है." मग त्यांनी फुलाच्या पाकळ्या काढल्या, मधला परागाचा दांडा मादी फुलावर हलकेच फिरवला आणि देठाला लाल दोरा बांधला. "इधर पतंगे आते नहीं, हाथ से करना पड़ता है. आप शाम को घर पे रहते नहीं. मैंने पूछा तो था! आप फोन पे थे, हाथ हिला के हाँ कर दिए."

"और ये धागा?"

"निशानी है. जिसका हो गया, उसमें धागा. लेकिन भाईसाहब, रोज़ बाँधती हूँ और सुबह फल ही गायब! मैं तो खुद चोर ढूँढ रही थी."

मंगलनं माझ्याकडे बघितलं.

"ये सब आपने सीखा कहाँ से?" मी कसंबसं विचारलं.

"लो! आपकी किताब से."

लिहिलं होतं खरं, अगदी आकृतीसकट. पण दुधीचं फूल संध्याकाळी उमलताना मी जन्मात कधी बघितलं नव्हतं, कारण त्या वेळी मी ऑफिसात बसून लोकांना दुधी कसा लावावा ते सांगत असायचो. मेल्याहून मेल्यासारखं झालं. हात जोडले आणि चौदाच्या चौदा दुधींची कबुली दिली. भाभी हसत हसत भिंतीवर बसल्या, त्या कितीतरी वेळ उठल्याच नाहीत.

"अब इतवार को?" मी रडकुंडीला येऊन म्हणालो.

"सबको इधर ले आइए, और क्या!"

रविवारी अख्खी मंडळी भिंत ओलांडून भाभींच्या गच्चीवर गेली. भाभी दाखवत होत्या, लोक व्हिडिओ काढत होते आणि मी मागे नर फुलांची ताटली धरून उभा होतो. शेजारी उभ्या असलेल्या एका मुलीला माझी दया आली असावी.

"अंकल, आप भी सीखने आए हैं?"

"हाँ बेटा," मी म्हणालो, "आज पहला ही दिन है."