फणसाचा जोडीदार

खंडूने स्वतःला नव्या सवयी लावून घ्यायचं ठरवलं, ही बातमी वाडीत पोचायला कपातला चहा निवेपर्यंतसुद्धा वेळ लागला नाही. लागणार कसा? ती सांगत घरोघर तो स्वतःच फिरला होता. खंडूचं हे जुनंच आहे. काम वीतभर, दवंडी गावभर. कोंबडीसुद्धा आधी अंडं घालते आणि मग ओरडते. हा खुराड्याच्या वाटेवरच ओरडायला लागतो.

हा खंडू आयुष्यभर मुंबईत एका कारखान्याच्या फाटकावर खुर्चीत बसला. रखवालदार होता म्हणे. त्या फाटकातून चोर कधी आत गेला नाही, ह्याचं श्रेय तो अजून घेतो. कारखान्यात चोरण्यासारखं काही उरलं नव्हतं, हे सांगत नाही. निवृत्त झाला तेव्हा लोकांनी त्याला शाल आणि नारळ दिला. खुर्ची ह्याने मागून घेतली. लाल प्लास्टिकची, एका पायाने किंचित फेंगडी. रत्नागिरीच्या स्टँडपासून वाडीपर्यंत ती एस.टी.च्या टपावरून आली, आणि खंडूच्या अंगणात फणसाखाली जी बसली ती बसली. तिच्यावर खंडू बसला.

पण ह्या बसलेल्या माणसाकडे एक वस्तू होती, जी वाडीत दुसऱ्या कोणाकडे नव्हती. शिमग्यात वाघजाईची पालखी वाडीत आली, की पहिला खांदा खंडूच्या घराचा. भावकीतलं थोरलं घर. आजा नाचला, बाप नाचला. पुढचा खांदा थोरल्या घराचा, मागचा धाकट्या घराचा, ही रीत. धाकटं घर म्हणजे चुलतभाऊ सखाराम. दोघांनी दांडा खांद्यावर घ्यायचा आणि ढोलाच्या तालावर पालखी अशी नाचवायची की आत बसलेल्या देवीलाही वाटावं, वर्षभर देवळात बसल्याचं सार्थक झालं. एकच गोष्ट होऊ द्यायची नाही. पालखी टेकायची ती घरातल्या पाटावर, नाहीतर गावच्या सहाणेवर, म्हणजे पालखीच्या दगडी चौथऱ्यावर. मध्येच उघड्या जमिनीला ती लागली, तर गाव वर्षभर चांगली झोप घेत नाही.

गेल्या शिमग्याला खंडू तुळशीपर्यंतही पोचला नाही. पोट एका तालावर, पाय दुसऱ्या, आणि श्वासाने तर तालच सोडला. ढोलवाल्यांनीच कीव येऊन हात आवरला. रामा गावकर म्हणजे देवीपुढे गाऱ्हाणं घालणारा गावचा म्हातारा मानकरी. तो तिथेच सगळ्यांसमोर म्हणाला, "खंडू, पुढच्या शिमग्याला अंगात दम आण. नायतर पहिला खांदा सखारामाच्या घरात जाईल. देवी काय तुज्या खुर्चीत बसून नाचायची नाय."

लोक हसले. खंडूही हसला. पण त्या दिवशी ओवाळणीच्या ताटातला गूळ त्याला कडू लागला. आयुष्यात त्याने कमावलेलं असं काहीच नव्हतं. आजाकडून आयतं आलेलं एवढं एक होतं, आणि तेही आता खांद्यावरून निसटायला लागलं होतं. बाकी कशाची लाज खंडूला कधी वाटली नाही. ह्याची वाटली.

एवढी लाज वाटली, की तो ताबडतोब गणपतीपर्यंत काही न करता बसून राहिला.

गणपतीला मुंबईहून मुलगी आली, सलोनी. बापाचं रडगाणं ऐकून तिने त्याच्या मोबाइलवर कुणा गुरूचे व्हिडिओ लावून दिले. गुरू गुळगुळीत, हसरा, पांढऱ्या भिंतीपुढे उभा. सांगत होता : मोठे बदल करू नका. रोज थोडं थोडं. जुन्या सवयीच्या खुंटीला नवी सवय अडकवा. आणि केल्या केल्या स्वतःला बक्षीस द्या.

'मोठे बदल करू नका' हे ऐकताच खंडूचे डोळे पाणावले. इतकी वर्षं तो नेमकं हेच करत आला होता. फक्त त्याला विद्या म्हणतात हे ठाऊक नव्हतं.

आता जुनी सवय म्हणावी अशी ह्याची एकच. चहा. तेव्हा ठरलं, चहा प्यायला की एक बैठक. आठवडाभर बैठक झाली. मग खंडूला वाटलं, प्रगती व्हायला हवी, बैठका वाढवू.

"बकुळे, अजून एक कप ठेव."

"आताच तर झाला!" बकुळा आतून म्हणाली.

"अगो, एका चहाला एक बैठक. दोन बैठका करायच्या तर दोन चहा नकोत? खुंटी हवी ना अडकवायला!"

बकुळा दारात आली. हातात पळी तशीच. "अहो, सदरे वाढले म्हणून कोण भिंतभर खुंट्या ठोकीत बसतं? एकाच खुंटीवर चार टांगा की!"

"शास्त्र आहे ते. तुला नाय कळायचं."

"शास्त्राला साखर किती घालू?"

शास्त्राला दोन चमचे लागायची. दिवाळीपर्यंत बैठका वाढल्या, तसा चहा वाढला, आणि चहाबरोबर खारी वाढली, कारण नुसत्या चहाने म्हणे पित्त होतं. पोट काही हललं नाही. हललं असलं तर पुढे.

आणि ह्यावर कळस म्हणजे, हा माणूस दुसऱ्यांना शिकवायला लागला! सावित्री जेटीवरून मासे घेऊन येते, डोक्यावर पाटी, वाड्यावाड्यांतून पायपीट. ती अंगणात पाटी उतरवून पदराने घाम पुसत होती, तर हा खुर्चीतून म्हणतो, "सावित्री, मोठा बदल नको करूस. पण रोज थोडं थोडं चालत जा. माणसाचं आयुष्य बदलतं."

सावित्रीने त्याच्याकडे पाहिलं. मग बकुळेकडे. "वयनी, ह्येंका बांगडा देऊ काय? नाय, खायाला नाय. तोंडात कोंबायला."

सखाराम कलमांना आळी करत होता, तर कुंपणावरून ह्याने त्यालाही सुनावलं, "सख्या, शरीराला शिस्त हवी." सखाराम बोलणारा गडी नव्हे. त्याने कुदळीचा घाव तेवढा जोरात घातला. मातीत.

थंडी पडली तसं खंडूच्या लक्षात आलं, की बैठकांनी पालखी नाचत नाही, त्याला खांदा लागतो. मग त्याने बांबू आणला. मधोमध गोणपाटात नारळ बांधले : ही पालखी. एक टोक ह्याच्या खांद्यावर. आणि दुसऱ्या टोकाला कोण? माणूस मिळेना. ज्याला हाक मारावी, त्याला शिस्तीवरचं प्रवचन आधीच मिळालेलं. सखारामाला बोलवायचं तर नाक खाली घ्यावं लागलं असतं, आणि ती सवय गुरूने शिकवली नव्हती. शेवटी खंडूने दुसरं टोक फणसाच्या बेचक्यात अडकवलं.

काय जोडीदार! पाय चुकत नाही, दमत नाही, उलटून बोलत नाही. सकाळी सगळी वाडी कुंपणाशी यायची बघायला. खंडू जागच्या जागी थयथय करतोय, फणस शांतपणे उभा आहे.

"फणसाला विचारा हो, धाप लागली काय?" कोणीतरी ओरडायचं.

"फणस नाचतोय छान. खंडू कमी पडतोय!"

खंडू लक्ष द्यायचा नाही. मोबाइल खिडकीत ठेवलेला असायचा. त्यातून गुरूचा आवाज थोडा वेळ टिकटिक ताल धरायचा, आणि मग म्हणायचा, "शाब्बास! आता विश्रांती." शाब्बास ऐकलं, की खंडू बांबू टाकायचा आणि मागे न बघता बसायचा. मागे लाल खुर्ची असायचीच. आणि तो बसला रे बसला, की बकुळा कप घेऊन यायची. बक्षीस तत्काळ हवं, असं शास्त्र होतं. शाब्बास, खुर्ची, चहा. परत टिकटिक. परत शाब्बास, खुर्ची, चहा. पौष गेला, माघ गेला. हळूहळू बकुळेलाही अंगवळणी पडलं. खिडकीतून शाब्बास ऐकू आलं, की हातातलं काम टाकून ती कपाकडे वळायची. एरवी 'अहो, वाटेतून बाजूला व्हा' म्हटलं तर न ऐकणारा खंडू त्या एका शब्दावर पोत्यासारखा खाली यायचा.

मान्य करायलाच हवं, थोडा फरक पडला. धाप उशिरा लागायला लागली. खांद्यावर घट्टा आला. तो घट्टा ह्याने इतक्या जणांना दाखवला, की शिमगा येईपर्यंत सदऱ्याचं वरचं बटण तुटलं. बकुळेला तेवढ्यात एकदा आशाही वाटली. तिने अंगण सारवताना फणसाच्या मुळाशी हळूच हळदकुंकू वाहिलं. नवऱ्याने नाही तर निदान झाडाने तरी लाज राखावी.

आणि पालखी आली.

ढोल, ताशा, निशाण, गुलालात न्हालेली माणसं. अंगणात पाय ठेवायला जागा नाही. लाल खुर्ची बकुळेने माजघरात नेऊन ठेवली होती. देवी यायच्या वेळी मध्ये कडमडायला नको. रामा गावकर काठी टेकत पुढे आला. "थोरल्या घराचा खांदा कुठाय?"

"हा बघा, आबा," खंडूने छाती काढली. छातीबरोबर जे काय पुढे आलं, त्याकडे लोकांनी दुर्लक्ष केलं.

पुढे खंडू, मागे सखाराम. दांडा खांद्यावर चढला. वर्षभरात सखाराम खंडूशी पहिल्यांदाच बोलला, आणि तेही एवढंच, "दादा, सांभाळून."

"तू तुझं बघ."

ढोल वाजला. आणि काय सांगावं, खंडू नाचला! पाय उचलले, दांडा झुलला, देवीचं चांदीचं रूप उन्हात लखलखलं. सखाराम मागून त्याचा पाय बघून आपला पाय टाकत होता. चुकला तरी सावरून घेत होता. फणसाने असलं काही कधी केलं नव्हतं, त्यामुळे खंडूला वाटलं सगळं आपणच करतोय. तुळस आली. गेल्या वर्षीची ती तुळस. बकुळेने पदर तोंडात धरला. खंडू तुळस ओलांडून गेला! बायकांनी गलका केला. सावित्री पाटी बाजूला ठेवून बघायला आली होती, तीसुद्धा म्हणाली, "बाय बाय बाय, मेल्याला जमला की!"

खंडूच्या डोळ्यांपुढे आजा उभा राहिला, बाप उभा राहिला. मान राहिला होता. बकुळा पाट मांडायला आत धावली. आता अंगणाच्या टोकापर्यंत जायचं, वळायचं आणि घरातल्या पाटावर देवी बसवायची, एवढंच उरलं होतं.

आणि म्हाताऱ्या रामाचा ऊर भरून आला. त्याने काठी उंच केली आणि आख्ख्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "शाब्बास रे खंडू!"

खंडू बसला.

विचार करून बसला असता, तर ते एक वेळ समजलं असतं. डोकं पालखीत होतं, तोंडावर हसू तसंच होतं. फक्त गुडघे आज्ञाधारकपणे वाकले. मागे खुर्ची नव्हती. मागे नारळ, तांदूळ आणि ओवाळणीचं ताट होतं. खंडू ताटात बसला. दांडा खांद्यावरून सटकला, पालखीचं तोंड खाली आलं, बायका किंचाळल्या. सखारामाने मागचं टोक सोडलं नाही. छातीशी आवळून धरलं. चार माणसं आडवी पडली आणि सारवलेल्या जमिनीपासून वीतभर वर पालखी झेलली गेली.

ढोल थांबला. वाडीत एवढी शांतता शिमग्यात कधी झाली नसेल. त्या शांततेत माजघरातून बकुळा धावत बाहेर आली, आणि तिच्या हातात चहाचा कप होता.

तिला स्वतःलाच कळेना, कप हातात कुठून आला. शाब्बास ऐकलं आणि हात आपोआप गेला. ती नवऱ्याकडे बघत राहिली, नवरा ताटात बसून कपाकडे. आणि खरं सांगायचं, तर त्याचा हात पुढे झालाही होता.

पहिली सावित्री हसली. मग कोणाला आवरलं नाही.

रामा गावकर तेवढा हसला नाही. त्याने काठी टेकून गाऱ्हाणं घातलं, "हे आई वाघजाई, तुज्या लेकराकडून जी काय चूकभूल झाली असेल, ती पदरात घे."

"व्हय महाराजा!" गाव म्हणाला.

"थोरल्या घराने खांदा टाकला. धाकट्या घराने राखला. आजपासून पहिला खांदा राखणाऱ्याचा."

"व्हय महाराजा!"

आणि ह्या आवाजात, ऐकणाऱ्यांनी नीट ऐकला, बकुळेचाही आवाज होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाल खुर्ची परत फणसाखाली. खंडू फोनवर सलोनीशी बोलत होता, वाडीला ऐकू जाईल असं. "अगं, मान काय, मान येतो जातो. पण पद्धत? पद्धत शंभर टक्के खरी! एकदा सवय लागली की डोकं नसलं तरी चालतं. काल सगळ्या गावासमोर सिद्ध झालं."

डोक्याविषयीचं वाक्य कुंपणापलीकडे सखारामाने ऐकलं. पहिल्यांदाच त्याला खंडूचं काही पटलं.

फोन ठेवून खंडूने कपातला उरलेला चहा संपवला. मग एकाएकी उठला. सदरा नीट केला. बकुळा ओटीवर तांदूळ निवडत होती.

"निघालात कुठे?"

"रामाआबाकडे. तुळस ओलांडली होती मी. एका चुकीसाठी पिढ्यांचा मान घेतात काय? परत मागतो."

बकुळेने सुपातला एक खडा उचलला, नीट निरखला आणि अंगणात भिरकावला. मग मान वर न करता, शांतपणे म्हणाली,

"शाब्बास."

मागे खुर्ची होती.