बांधासाठी जड शब्द

लग्न होऊन मी या गावात आले तेव्हा माझ्या ट्रंकेत चार लुगडी आणि एक इंग्रजी-मराठी शब्दकोश होता. मी मॅट्रिक पास झाले म्हणून वडिलांनी तो घेऊन दिला होता. सासरी त्याचा काय उपयोग, असं आई म्हणाली होती. उपयोग झाला. तो झाला नसता तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

गाव मसुऱ्याच्या खालच्या अंगाला, खाडीकाठी. भाताची जमीन भरतीच्या पाण्यापेक्षा खोल होती. खाडी आणि जमीन यांच्यामध्ये मातीचा लांबलचक बांध, आणि बांधात एक लाकडी दार. भरतीला ते आपोआप मिटायचं, ओहोटीला उघडायचं. आतलं पावसाचं पाणी बाहेर पडायचं आणि खारं पाणी आत शिरायचं नाही. त्या दाराला उघाडी म्हणत. दरवर्षी वैशाखात घरटी एक माणूस बांधावर जाई. कुर्ल्यांनी, म्हणजे खेकड्यांनी, पोखरलेली बिळं चिखलाने बुजवायची, खचलेल्या जागी गवत आणि माती दाबायची. आठ-दहा दिवसांचं काम असे.

मी आले त्याच सुमारास बातमी आली की असल्या बांधांची कामं आता सरकार करणार, फक्त अर्ज द्यायला हवा. अर्ज मराठीत दिला तर साहेब बघत नाही, असं कोणीतरी तालुक्याहून ऐकून आलं. गावात इंग्रजी येणारे दोघेच होते आणि ते दोघेही मुंबईला नोकरीला. माझा नवराही तिकडेच. मग सासऱ्यांनी मला पडवीच्या दाराशी बोलावलं. बाहेर गावातले पाच-सहा पुरुष बसले होते.

"बांध बिघाडलो, असा लिही," सासरे म्हणाले.

मी लिहिलं, बांधाची स्थिती 'गेटिंग वर्स' आहे. खाली पुरुषांच्या सह्या आणि अंगठे पडले. माझं नाव अर्थातच कुठे नव्हतं. दोन महिन्यांनी छापील कागद आला: अर्ज पोचला, विचार चालू आहे.

दुसऱ्या वर्षी सासरे म्हणाले, "गेल्या साली लिवलंस ता पुराक नाय. औंदा जरा जड शब्द घाल गो."

मी शब्दकोश उघडला. 'डिटिरिओरेटिंग' सापडला. मी तो मोठ्याने वाचून दाखवला तेव्हा पडवीतली माणसं एकमेकांकडे बघून माना हलवू लागली. सासऱ्यांनी तो दोनदा माझ्याकडून म्हणवून घेतला. त्या दिवशी मला किती बरं वाटलं ते सांगायची लाज वाटते. चुलीपाशी बसल्या बसल्या मी पुढच्या वर्षीच्या शब्दाचा विचार करायला लागले. दुपारी सगळे निजले की शब्दकोशाची पानं चाळायची. ढासळणं, कुजणं, झिजणं, ऱ्हास, अवनती. इंग्रजीत वाईट होण्याला इतके शब्द होते की एखादा राहून जाईल असं वाटे. तिसऱ्या वर्षी मी 'डिलॅपिडेटेड' घातला. तो मी अर्थापेक्षा आवाजासाठी निवडला, हे खरं आहे.

या तीन वर्षांत मी एकदाही बांधावर गेले नाही. इतरांचंही जाणं कमी झालं. पहिल्या वैशाखात निम्मी माणसं गेली, दुसऱ्यात चार-पाच, तिसऱ्यात एकही पुरुष नाही. "अर्ज दिलेलो आसा मगे," म्हणायचे, "आता सरकार करतला."

उघाडीच्या अगदी पाठीमागे एका विधवेची जमीन होती. तीन कुणगे, म्हणजे बांध घातलेले तीन लहान तुकडे. तिला मूलबाळ नव्हतं. वैशाखात तिच्या घरातून जायला पुरुष नाही म्हणून ती स्वतः पाटी घेऊन बांधावर जायची. तिसरा अर्ज गेल्यावर ती आमच्या मागीलदारी आली.

"तू काय लिवलंस ता माका वाचून दाखय."

माझ्याकडे कच्चा कागद होता. मी वाचला आणि अर्थ सांगितला.

"आणि पाणी खंयपर्यंत इला ता लिवलंस?"

"म्हणजे?"

"गेल्या साली माझ्या पयल्या कुणग्यात इला. औंदा दुसऱ्यात इला. उघाडीची खालची फळी कुजलीहा, हात घातलो तर भुगो येता. ता लिवलंस?"

मी तिला सांगितलं की इंग्रजी अर्जात असलं काही लिहीत नाहीत. हे मला कोणी शिकवलं होतं कोण जाणे. ती "बरा" म्हणाली आणि गेली. चौथ्या वर्षी मी 'रुइन्ड' लिहिला आणि फळीबद्दल तेव्हाही काही लिहिलं नाही.

त्याच वर्षी आश्विनात, अमावस्येच्या उधाणाला, सकाळी उघाडी गेली. भात लोंब्यांनी वाकलं होतं. मी बायकांबरोबर धावत गेले तेव्हा दाराच्या जागी नुसता लोट होता आणि दोन्ही बाजूंची माती तुटून आत पडत होती. पुरुष कमरेएवढ्या पाण्यात गवताच्या पेंढ्या टाकत होते आणि पेंढ्या वाहून जात होत्या. ओहोटी लागेपर्यंत सगळं संपलं. चार दिवसांत भात पिवळं पडलं, मग करपलं. ती विधवा आपल्या कुणग्याच्या मेरेवर, कडेच्या बांधावर, उभी होती.

पंधरा दिवसांनी ऑफिसातून ओव्हरसियर आला. पडवीत खुर्ची मांडली. तरुण माणूस होता, स्वच्छ शर्ट, बगलेत फाईल. मी दाराआड चहाचा कप घेऊन उभी होते. त्याने चारही अर्ज काढून ओळीने ठेवले.

"हे बघा," तो म्हणाला, "पहिल्यात लिहिलंय, बिघडतंय. सगळेच बांध बिघडत असतात. दुसऱ्यातला शब्द म्हणजे हळूहळू बिघडतंय. हळूहळू बिघडणाऱ्याकडे धावत कोण येणार? तिसऱ्यातला शब्द पडक्या घराला वापरतात. त्यामुळे तुमचा अर्ज इमारतींच्या टेबलावर गेला आणि वर्षभर तिथेच पडला. आणि चौथ्यात म्हणता, उद्ध्वस्त झालंय. उद्ध्वस्त झालं तर दुरुस्ती कशाची करायची?" मग त्याने मान वर केली. "कुठे भोक आहे, फळी कुजली का, पाणी किती आत येतं, हे एकाही अर्जात नाही. कोणी लिहिले हे?"

पडवीत पहिल्या अर्जापासून तिथे बसून माना हलवणारेच सगळे होते.

सासरे ऑफिसातली मराठी बोलत म्हणाले, "सुनेनं लिहिले, साहेब. बाईमाणूस. तिला काय कळतंय."

ओव्हरसियर हसला आणि फाईल बांधली. चहा मी सासऱ्यांच्या हातात दाराआडूनच दिला.

पुढे गावात माझा तिसऱ्या वर्षीचा शब्दच रूढ झाला. छत्री मोडली, डिलॅपिडेट झाली. म्हातारी गाय बसली, डिलॅपिडेट झाली. मी विहिरीवर गेले की बायका तो मुद्दाम माझ्यासमोर म्हणत आणि मी कळशी भरून निघून येई. ज्यांनी दोन वैशाख बांधावर पाऊल ठेवलं नव्हतं, त्यांच्याच घरच्या त्या.

दगडी बांध आणि लोखंडी दार बऱ्याच वर्षांनी आलं. त्यासाठी अर्ज कोणी लिहिला मला माहीत नाही. वरच्या जमिनींतलं मीठ पावसाने हळूहळू धुऊन निघालं आणि त्यांत पुन्हा भात पिकलं. विधवेच्या तीन कुणग्यांत तोवर तिवरांची झाडं माजली होती. ती ओहोटीला चिखलात तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचायची आणि विकायची. मला बघून ती तोंड फिरवत नसे. त्या साऱ्या गावात ती एकटीच मला नेहमीसारखी हाक मारायची, आणि तेच मला सर्वांत जड जायचं.

सासऱ्यांना मी एकदाच विचारलं. ते जेवायला बसले होते, घरात दुसरं कोणी नव्हतं.

"मामंजी, त्या दिवशी साहेबाक माझा नाव कित्याक सांगितलात?"

ते म्हणाले, "कोणाचा तरी नाव सांगूक होया होता. बाकीच्यांका गावात रावचा आसा."

"आणि माका खंय जावचा आसा?"

त्यांनी वाडगा पुढे सरकवला. मी त्यात पेज वाढली.