मेल्यावरची चार कडवी

जुन्या इंग्रजी रंगभूमीवर एक अजब प्रथा होती. शोकांतिका संपली, नायिका मेली, की तीच नटी उठून पुढे यायची आणि पद्यात प्रेक्षकांची थट्टा करायची, चुकलंमाकलं पोटात घाला म्हणायची. वर्गात मी हे वर्षानुवर्षं शिकवत आलो. यंदा गॅदरिंगच्या नाटकात मुलांनी तसंच करायचं ठरवलं.

"सर, मेलेली बाई उठून बोलायला लागली तर लोक हसतील," नायिका झालेली मेघना तालमीत कुरकुरली.

"हसू देत. त्यासाठीच उठायची ती."

काल प्रयोग झाला. मेघना मेली. पहिल्या रांगेत तिची आई तोंडाला पदर लावून बसली होती. मग मेघना उठली, झग्याची धूळ झटकली आणि ओवीच्या चालीत चार कडवी म्हणाली. आई रडता रडता हसली. सगळं सभागृह हसलं.

मला आमची ही आठवली. श्रावणात ती गेली, तेव्हा तिला अंगणात ठेवलं होतं. सगळे घाई करत होते आणि मी सारखा "जरा थांबा" म्हणत होतो. कशासाठी, ते मलाच सांगता येईना. काल कळलं. ती उठेल, पदर सारखा करेल आणि जाता जाता मला एक टोमणा मारेल, म्हणून मी थांबलो होतो.

पडदा पडल्यावर मेघना धावत आली. "सर, हसले लोक!"

"हो," मी म्हणालो. "जा आता. आई वाट बघतेय."