दाजी ओरडल्याशिवाय गुण येत नाही

जुन्नर तालुक्यात आजवर जेवढा राग पिकला त्यातला निम्मा तरी आमच्या दाजींच्या औषधाच्या दुकानात पिकला असेल, आणि तो त्यांनी आल्यागेल्याला घाऊक भावात वाटला असेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांना दाजी म्हणायचो ते नात्याने. मग माझ्या गावचे लोक बाजारहाटाला जुन्नरला आले की तेही दाजी म्हणू लागले, त्यांचं ऐकून बाजारपेठेनं ते उचललं, आणि शेवटी ज्यांच्या सात पिढ्यांत आमची सोयरीक नाही त्यांचेही ते दाजी झाले. एवढ्या लोकांचा जावई म्हटल्यावर माणसानं नाकावर राग बाळगला तर नवल नाही. सकाळी शटर उघडताना ते शटरवर चिडायचे, कारण ते मध्येच अडकायचं. उदबत्ती लावताना उदबत्तीवर चिडायचे, कारण ती पंख्यानं विझायची. एवढं झालं की मग पहिलं गिऱ्हाईक यायचं आणि खऱ्या अर्थानं दिवस सुरू व्हायचा.

आमच्याकडच्या माणसाला औषधाचं नाव सांगता येत नाही, तो रंग सांगतो. घाटघरची एक आजी दर बाजाराला पहिल्या एस.टी.नं उतरायची आणि थेट दुकानाच्या फळीला हनुवटी टेकून उभी राहायची. "त्या दिशी दिलीवती तसली गुलाबी गोळी दी."

"गुलाबी?" दाजींचा आवाज समोरच्या कापडवाल्यापर्यंत जायचा. "आजे, हितं गुलाबी गोळ्या चार तऱ्हेच्या हायेत. कुठली दिऊ? समद्याच देतो, म्हंजे एकदाच वर जाशील."

"तूच दिलीवती, तुला ठावं."

मग दाजी तिला स्टुलावर बसवायचे. काय दुखतं, कधी दुखतं, खाल्लं काय, हे सगळं ओरडून विचारायचे. सकाळची गोळी लाल कागदात आणि संध्याकाळची पांढऱ्या कागदात बांधून द्यायचे, तीनतीनदा पाठ करून घ्यायचे आणि तिची एस.टी. चुकू नये म्हणून स्वतः स्टँडपर्यंत पोचवायला जायचे, तेही वाटभर तिच्यावर तडकत. पेठेत दुसरं एक औषधाचं दुकान होतं. तिथला मालक साखरेसारखा बोलायचा, पण लोक फिरून दाजींकडेच. एकदा मी एकाला विचारलं तर तो म्हणाला, "तिथली गोळी लागू पडत न्हाई, राव. वरडत न्हाईत ना ते. दाजी वरडल्याबिगर गुण येत न्हाई." हे तो थट्टेनं म्हणत नव्हता. लोकांनी मनात ठरवूनच टाकलं होतं की ओरडणं हा औषधाचाच भाग आहे.

सगळ्यात जास्त डोस कुणी घेतला असेल तर तो पिंपरी पेंढारच्या एका म्हाताऱ्यानं. सगळे त्यांना बाबा म्हणायचे. जुना खोकला, कानावर कायम बिडी आणि बैलगाड्यांच्या शर्यतींचं जबरदस्त वेड. "दाजी, खोकल्याचं औषध द्या." "आधी ती कानावरची बिडी काढा." बाबा शांतपणे ती बिडी काढायचे आणि दुसऱ्या कानावर ठेवायचे. दाजींचा असा काही भडका उडायचा की मी आत औषधांच्या खोक्याआड जाऊन हसायचो. ओरडून झालं की बाबा पायरीवर बसून कुठल्या गावच्या घाटात कुणाचा गाडा कसा पळाला ते सांगायचे, आणि दाजी, जे बैलगाड्यांच्या नावानं बोटं मोडायचे, ते हातातलं काम थांबवून ऐकायचे.

जावयानं लग्नात रुसावं ही आपल्याकडची रीतच आहे. माझ्या लग्नात आमचा जावई मानपानावरून रुसला नाही, पाण्याच्या टाकीवरून रुसला. टाकीत डोकावून, वास घेऊन त्यांनी जाहीर केलं की या पाण्यावर ते एकालाही जेवू देणार नाहीत, आणि कुणाला न विचारता क्लोरीनची आख्खी बाटली तीत ओतली. पंगतीला जिलेबीला क्लोरीन, मसालेभाताला क्लोरीन, मठ्ठ्याला तर विचारू नका. माझे सासरे ओठ आवळून बसले होते. दाजी हातात पळी घेऊन पंगतीतून फिरत म्हणत होते, "नाकं मुरडू नका. उद्या एकाला जरी जुलाब झालं तर माझ्याकडं या, फुकट औषध देतो." कुणालाही जुलाब झाले नाहीत. पण माझी बायको आजही मठ्ठा पिताना आधी वास घेते.

पण दाजींच्या रागाचं खरं मैदान म्हणजे यात्रांचे घाट. चैत्र लागला की आमच्या जुन्नर-आंबेगावात एकेका गावची यात्रा सुरू होते आणि यात्रा म्हटली की बैलगाडे. दाजी दुकान बंद करून स्कूटरला मलमपट्टीची पिशवी लावायचे आणि पार महाळुंगे पडवळपर्यंत जायचे. ना कुणी बोलावलेलं, ना कुणी पाठवलेलं. घाट म्हणजे चढावर आखलेली धावेची वाट. गाडा खालून सुटतो, माथ्यावर शर्यत संपल्याचं निशाण पडतं, पण निशाण माणसाला कळतं, बैलाला नाही. बैल तसेच पुढं सुसाट जातात, आणि नेमके तिथंच आमचे शौकीन दाटीवाटीनं उभे, कारण तिथून चांगलं दिसतं. दाजी आपलं टेबल माथ्यावरच लावायचे. टेबलावर ताईच्या जुन्या पातळाचं कापड, त्याला लाल फुली शिवलेली. अधूनमधून ते निवेदकाच्या हातातला माइक हिसकावून घ्यायचे. "माथ्यावरच्या शहाण्यांनो, घरी सांगून आलाय का? ज्याला हातपाय मोडून घ्यायचेत त्यानं माझ्या टेबलाजवळ उभं राहा, मला लांब पळवू नका." लोक टाळ्या वाजवायचे आणि जिथं उभे आहेत तिथंच उभे राहायचे.

दाजींचं मागणं एकच होतं. माथ्यावर दोन्ही बाजूंनी भक्कम कठडा घाला. दर वर्षी आमच्या गावच्या यात्रेआधी ते यात्रा कमिटीकडे जाऊन हे सांगायचे, आणि कमिटी त्यांचं ऐकून घेऊन त्यांचा सत्कार करायची. माणसाचं ऐकायचं नसेल तर त्याचा सत्कार करावा ही युक्ती आमच्या पुढाऱ्यांना कुणी शिकवली कुणास ठाऊक, पण त्यात ते तरबेज होते. गाडे थांबवून पुकारा व्हायचा, दाजींना खालच्या स्टेजवर न्यायचे, टॉवेल, टोपी, नारळ, आणि मग फेटा. फेटा बांधत असताना माणसाला मानही हलवता येत नाही, ओरडणं दूरच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा, वर पुन्हा टाळ्या. दाजी घरी येऊन त्या टॉवेलांच्या पट्ट्या करायचे आणि फेटे कापून मोडलेले हात अडकवायच्या झोळ्या. त्या काळात घाटावरून जखमी होऊन परतणारा प्रत्येक माणूस गळ्यात भगवी झोळी घालून यायचा आणि लांबून वाटायचं, यांचाही सत्कार झाला.

एका वर्षी दाजींनी स्वतःच टेम्पोभर बांबू आणले. यात्रेच्या आदल्या दिवशी चार माणसं हाताशी धरून माथ्यावर कठडा उभा केला. सकाळी येऊन बघतात तर बांबू उपटून ओढ्याकाठी टाकलेले. गाडामालकांनी तक्रार केली होती की कठड्याला बैल बिचकतात. कमिटीचे अध्यक्ष पांढऱ्याशुभ्र कपड्यांत हात जोडून म्हणाले, "दाजी, पुढच्या वर्षी नक्की. आता राग सोडा, दुपारी तुमचा सत्कार हाय."

"मला फेटा नको, कठडा द्या," दाजी म्हणाले. दुपारी पुकारा झाला तरी ते टेबल सोडून हलले नाहीत. मग कमिटीची माणसं वर आली आणि हाताला धरून, हसत हसत, त्यांना खाली घेऊन गेली. पाहुण्याला असं ओढून नेण्यात प्रेमच असतं अशी आमच्याकडं समजूत आहे. गाडे मात्र त्या दिवशी थांबवले नाहीत, कारण उशीर फार झाला होता.

फेटा अर्धा बांधून झाला आणि वर आरडाओरडा झाला. बैल गर्दीत घुसले होते. मी स्टेजच्या खाली उभा होतो. दाजींनी वरून उडी मारलेली मला दिसली. सुटलेला फेटा मागं फरफटत होता आणि ते सगळा घाट चढत, माणसं दोन्ही हातांनी बाजूला करत पळत होते. माथ्यावर त्यांच्या टेबलापासून दोन हातांवर पेंढारचे बाबा पडले होते. शिंग मांडीत घुसलं होतं. एवढी माणसं भोवती, पण जखम दाबून धरायची असते हे कुणाला सुचलं नव्हतं. सगळे पाणी आणा, पाणी आणा म्हणत होते. दाजींनी डोक्यावरचा उरलेला फेटा ओढून काढला आणि मांडी आवळली. दवाखान्यात नेताना जीपमध्ये बाबांचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. नारायणगाव यायच्या आत बाबा गेले. बिडी कानावर तशीच होती.

मला आजही राग येतो तो बैलांचा नाही. मुक्या जनावरांचा त्यात काय दोष? मला राग येतो त्या हसत हसत हाताला धरून नेणाऱ्यांचा. कुठल्याही माणसाला त्याच्या जागेवरून उठवून नारळ द्यायचा, आणि त्याची जागा रिकामी पडली की हळहळायचं. पुढच्या वर्षी माथ्यावर सिमेंटचा कठडा झाला. बैल गेला आणि झोपा केला ही म्हण इतकी शब्दशः खरी झालेली मी दुसरीकडे पाहिली नाही. कठड्यावर कमिटीतल्या सगळ्यांची नावं कोरली आणि उद्घाटनाला दाजींचा सत्कार ठेवला. दाजी गेले नाहीत. कमिटीनं फेटा घरी पाठवून दिला. मी तो ओढ्यात टाकायला निघालो होतो, पण दाजींनी माझ्या हातातून घेतला आणि कात्री आणायला आत गेले. तीन झोळ्या झाल्या.

त्यानंतर दाजी ओरडायचे थांबले. घाटावर ते जायचे, टेबल माथ्यावर लावायचे, पण माइककडे बघायचे नाहीत. दुकानात जो जे मागेल ते हळू आवाजात विचारून, समजावून द्यायचे. लोक म्हणायला लागले, "दाजी आता लई निवळलं." मी एकदा ताईसमोर भडकलो, की तुम्ही सगळे मिळून कमिटीच्या दारात का जात नाही, तर दाजीच म्हणाले, "पावणं, मी खाली गेलो नसतो तर म्हातारा वाचला असता. त्यांनी हात धरला व्हता, पाय तर माझंच व्हतं ना."



असंच एका बाजाराच्या दिवशी मी दुकानात बसलो होतो. घाटघरची आजी आली, फळीला हनुवटी टेकली आणि म्हणाली, "गुलाबी गोळी दी." दाजींनी न बोलता गोळ्या काढल्या, लाल आणि पांढऱ्या पुड्या बांधल्या आणि तिच्यापुढे ठेवल्या. आजीनं त्या परत सरकवल्या.

"ही न्हाई. ही लागू पडत न्हाई. मागल्या बाजारापासनं डोकं धरलंय."

"तीच हाय, आजी."

"मंग वरडत का न्हाईस?"

मला वाटलं आता दाजी डोळे पुसतील, पण त्यांनी चष्मा नीट केला, फळीवर हात आपटला आणि म्हणाले, "म्हातारे, उपाशीपोटी घेतलीस तर याद राख. भाकरी खायची आन् मंगच गोळी. कळलं का?"

आवाज कापडवाल्यापर्यंत गेला नाही. रस्त्यापर्यंतही धड गेला नाही. पण आजीचं समाधान झालं. तिनं पुड्या कनवटीला बांधल्या आणि "हां, आता गुण यील" असं म्हणत ती पायरी उतरली, त्याच पायरीवरून जिथं बाबा बसायचे. दाजी तिला स्टँडवर पोचवायला तिच्या मागून गेले, गुमान, एक शब्द न बोलता.